माश्यांची भिंत

कौलांच्या कारखान्यातली माती त्या वर्षी संपत आली. खड्डा खोल गेला, तळाला पाणी लागलं आणि वर येणाऱ्या मातीत खडे निघायला लागले. माझा मुलगा तिथे दाबयंत्रावर कामाला. संध्याकाळी घरी आला की हात धुता धुता सांगायचा, "आज शंभरात वीस फुटली." पंधरा दिवसांनी तीस. तीनपैकी एक भट्टी विझवली त्या दिवसापासून त्याने आकडा सांगणंच सोडलं. हातांची माती धुऊन गेली तरी नुसता हात चोळत बसायचा.

माती नव्हती असं नाही. ओढ्याच्या वळणावर जुनी दरड उभी होती, दोन पुरुष उंच. पिवळी, मऊ माती, एक खडा नाही. जागाही मालकाचीच. पण त्या दरडीत माश्या राहत होत्या, आणि माश्यांची दुसरीकडे सोय लावल्याशिवाय तिला कुदळ लावायची नाही असा सरकारी कागद आला होता.

मी ऐकलं तेव्हा हसले. "माश्यांसाठी भट्टी बंद? उद्या मुंग्यांना विचारून चूल पेटवायची का?"

"साध्या माश्या नाहीत त्या, आई," सून म्हणाली. "मधमाशीच्या चुलतबहिणी. खालच्या सगळ्या बागा त्यांच्यावर फळतात."

"तुला कोणी सांगितलं?"

"चष्मेवाल्या बाईंनी."

ही चष्मेवाली कारखान्याने पगारावर ठेवलेली. किड्यामाश्यांचं शिकलेली. एक दिवस आमच्या दारात येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात भिंग, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी मनात म्हटलं, हिला स्वतःचा चष्मा सांभाळता येत नाही, ही माश्या काय सांभाळणार.

"आजी, तुमच्या घरामागचा उतार हवा होता."

"आजी व्हायला मला अजून दोन महिने आहेत. काम सांगा."

ती हसली आणि पायरीवर बसली. सांगितलं ते सरळ सांगितलं, हे मला आवडलं. मालकाला दरडीची माती हवी. तर आधी बघायचं, दरड न मोडता भागतं का. नाही भागत, तर कमीत कमी किती मोडून भागेल. दरडीच्या तीन हिश्श्यांपैकी एक हिस्सा कायमचा सोडायचा ठरलं होतं. उरलेलं जे मोडणार, त्याच्या दुप्पट भिंत जवळपास, उन्हाच्या तोंडाला, मालकाने स्वतःच्या खर्चाने बांधून द्यायची. भोवती फुलं लावायची. तीस वर्षं राखायची. आणि मुख्य म्हणजे, माश्या नव्या भिंतीत येऊन राहिल्या हे दिसल्याशिवाय जुनीला हात नाही.

"म्हणजे मोडायचं आणि भरून द्यायचं," मी म्हटलं. "मोडलेलं तसंच्या तसं परत मिळतं का हो?"

"नाही मिळत," ती म्हणाली. "म्हणून तर दुप्पट."

खोटं बोलली असती तर मी उतार दिला नसता.

आमच्या घराण्याचा धंदा मातीचा. भिंती घालायच्या, गिलावा करायचा. नवरा गेल्यावर मी एकटीने थापी चालवली, मुलगा वाढवला, लेकीचं लग्न केलं. माझ्या हातचा गिलावा बघायला लोक दुसऱ्या गावाहून यायचे. तेव्हा भिंत बांधायचं काम आमच्याकडेच आलं, यात नवल नाही. नवल वाटलं ते भिंतीची देखरेख सुनेकडे गेली याचं. तिला लिहिता येतं, वही ठेवता येते. मला सहीपुरतं येतं.

महिनाभर आम्ही दोघी भिजवलेल्या मातीचा गारा तुडवत होतो. थंडीचे दिवस. सकाळी पाय घातला की पोटरीपर्यंत कळ जायची. चष्मेवाली म्हणाली, वाळू जास्त घाला.

"अहो, इतक्या वाळूने भिंत भुसभुशीत होईल."

"तशीच हवी."

"आणि वरून गिलावा?"

"नाही. गिलावा नाही. ओबडधोबड राहू द्या."

मी सुनेकडे पाहिलं. सुनेने खाली पाहिलं. मला वाटलं, शिकलेल्या लोकांना भिंतीतलं काय कळतं. माझ्या मनात होतं की माश्या वरच्या कडेला पोळं लटकावणार, जशा मधमाश्या कड्याला लटकावतात. म्हणून न सांगता मी भिंतीच्या माथ्याला वीतभर पुढे छज्जा काढला. चष्मेवालीने तो पाहिला आणि म्हणाली, "वा, पाऊस लागणार नाही." ती पावसाचं बोलत होती आणि मी पोळ्याचं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सून रोज तिच्याजवळ बसून माश्यांचं शिकायची तेव्हा मी मुद्दाम घमेली घासत बसायचे. सुनेच्या बरोबरीने शिकायला बसणं मला जमण्यातलं नव्हतं.

भिंत पुरी झाली. तीस पावलं लांब, माझ्या डोक्याहून हातभर उंच. मग लेकीचा निरोप आला आणि मी तिच्याकडे गेले. बाळ अशक्त होतं, आठवडाभर म्हणून गेलेली मी तीन महिने राहिले. फोनवर सून घरचं सांगायची, मी बाळाचं. भिंतीचं तिने दोनदा काढलं, दोन्ही वेळा मी म्हटलं, "तुझी देखरेख आहे, तू बघ." त्यात टोमणा होता. तिला कळला असणार. पुन्हा तिने काढलं नाही.

परत आले तो घराला कुलूप. किल्ली शेजारणीकडे. ती म्हणाली, मुलगा चार दिवसांसाठी मालट्रकबरोबर लांबची माती बघायला गेलाय, आणि सून चष्मेवालीबरोबर मोठ्या कचेरीत वही दाखवायला. उद्या येतील. "आणि चार दिवसांनी सरकारी तपासनीस येणार आहे म्हणे तुमची भिंत बघायला. पास झाली की माती सुटली."

मी पिशवी ठेवली आणि मागच्या दाराने उताराकडे गेले.

फुलं सुकून बी धरलं होतं. छज्ज्याखाली पाहिलं. पोळं नाही, पोळ्याचा डागसुद्धा नाही. एक माशी उडत नव्हती. आणि भिंत! माझ्या हातची भिंत भोकाभोकांची झालेली. पेन्सिल जाईल एवढी भोकं, वरून खालपर्यंत, पायथ्याला भुग्याचे ढीग. मी हात लावला तर कण खाली आले. वाळू जास्त घालायला लावली त्याचं फळ, मी म्हटलं. भिंत पोखरली, म्हणून माश्या आल्या नाहीत. चार दिवसांत तपासनीस येणार आणि ही अवस्था बघणार. मुलाच्या कारखान्याचं काय होणार?

हातपाय धुवायलाही थांबले नाही. ओढ्यावरून चिकण माती आणली, चार खेपा. भुसा शेजारणीच्या गोठ्यातून. गारा मळला तो असा मळला की लोण्यासारखा ताणला जावा. आधी भोकं बुजवायला घेतली. बारीक काडीने एकेक भोक ठासून भरलं. वरच्या चार ओळी भरल्यावर मान धरली, तेव्हा बाकीच्या भोकांवर नुसताच गिलावा ओढायचं ठरवलं. थापी नवऱ्याच्या वेळची, पातं झिजून केळीच्या पानासारखं झालेलं. खांद्यातून हात फिरवायचा, मनगट नुसतं पाठीमागून यायचं. पहिल्या दिवशी अर्धी भिंत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरलेली. शेवटी ओल्या फडक्याने पुसून घेतली तर ऊन तिच्यावरून घसरत होतं.

शेजारीण कुंपणाला टेकून बघत होती. "काय हात आहे बाई तुमचा! आमच्या ह्यांच्या टकलापेक्षा गुळगुळीत."

मी थापी धुतली आणि सुनेची वाट बघत पायरीवर बसले. खरं सांगायचं तर शाबासकीची वाट बघत होते.

दोघी तिसऱ्या प्रहरी आल्या. सून माझ्या पाया पडली, बाळाचं विचारलं, आणि बोलता बोलता तिची नजर मागच्या दारातून भिंतीवर गेली. चपला न घालता ती तशीच उतारावर गेली. भिंतीसमोर उभी राहिली आणि हळूहळू खाली बसली.

चष्मेवाली धावली. भिंतीवर तळहात ठेवला. ओली होती.

"काय झालं?" मी म्हटलं. "भोकं पडली होती, बुजवली. तुमच्या वाळूने."

मग सून बोलली, आवाज अगदी बारीक. "आई, भोकं नव्हती ती. घरं होती. एकशे एकाहत्तर."

मला कळलं नाही. तिने समजावून सांगितलं, आणि तिने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. या माश्या पोळं करत नाहीत. यांच्यात राणी नाही, चाकर नाही. प्रत्येक माशी आपलं घर आपण खणते, आत एकेक खोली करते, खोलीत परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि खोलीचं दार मातीने बंद करते. मग ती मरते. पोर आत वर्षभर निजतं आणि पुढच्या फुलांना बाहेर येतं.

"म्हणजे आत्ता आत..."

"पोरं आहेत, आई."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत गारा वाळला होता. ज्या काडीने ठासत होते ती भिंतीशीच पडली होती.

तेवढ्यात मुकादम आला. कारखान्यातला भट्टीचा मुकादम, सगळ्या गावाचा मामा. बातमी त्याला वाऱ्याआधी लागते. त्याने भिंत पाहिली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "एवढं काय रडताय? वही आहे ना? एकशे एकाहत्तर लिहिलंय ना? पास व्हायला दीडशे लागतात. मी सळई घेऊन येतो, दोनशे भोकं पाडून देतो. तपासनीस काय भोकात तोंड घालून बघणार आहे?"

"आणि त्यांत राहायला कोण येणार, मामा?" सून म्हणाली. "तुम्ही?"

"अगं, तुझ्या नवऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे. माझ्याही."

"मला माहीत आहे कोणाच्या पोटाचा आहे."

ती उठली. डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहत होते, पण बोलणं सरळ होतं. "खोटी भोकं पाडायची नाहीत. बाई, मालकांना फोन लावा. काय झालं ते जसंच्या तसं सांगा."

माझी सून. घरात तिने कधी माझ्यापुढे चमचा आपटला नव्हता. मी बघत राहिले.

चष्मेवाली फोनवर बोलत असताना मी भिंतीशी गेले. बोटाच्या गाठीने वाजवून पाहिलं. माझं काम मला कळतं. वरच्या ओळींचा बद्द आवाज आला, तिथे मी काडीने ठासलं होतं. खाली मात्र पोकळ वाजलं. खाली मी भिंत आधी भिजवली नव्हती, घाई होती. म्हणजे खालचा गिलावा भिंतीला धरलेला नव्हता, नुसता पापुद्र्यासारखा वर बसला होता.

"निघेल," मी म्हटलं.

सून वळली.

"आता ओला आहे, आता ओढला तर भोकांत शिरेल. पुरता वाळला तर भिंतीचं कातडं घेऊन येईल. उद्या सकाळी, बोट दाबलं तर ठसा उठावा पण माती चिकटू नये, तेव्हा काढायचा. पाणी लावायचं नाही. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मीच लावलाय, मलाच कळेल कुठे जाड आहे, कुठे पातळ."

चष्मेवालीने फोन कानापासून दूर केला. "मालक विचारतायत, काय लागेल?"

"सावली," मी म्हटलं. "ऊन लागलं तर तडकेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः आले. वाळका माणूस, आजोबांपासूनचा कारखाना, बोलताना मध्येच खोकायचे. मला वाटलं आता ऐकवणार. चार माणसं आणि ताडपत्री घेऊन आले होते. बांबू रोवले, ताडपत्री ताणली. एक कोपरा वाऱ्याने सुटायला लागला तर त्यांनी तो दोरीने धरला आणि धरूनच उभे राहिले. अर्धा दिवस.

"मालक, बसा," मी म्हटलं.

"तुम्ही काम करा."

मी पत्र्याची एक पट्टी कात्रीने कापून घेतली होती, धार दगडावर मोडून बोथट केलेली. गिलाव्याच्या कडेतून ती आत सारायची, भिंतीला न टेकवता, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने गिलावा तोलून धरायचा. ताटाएवढा तुकडा सुटला की छातीशी घ्यायचा आणि सुनेच्या घमेल्यात ठेवायचा. पडू द्यायचा नाही, पडला की हादरा बसतो. पहिला तुकडा निघाला तेव्हा खाली पाच भोकं दिसली, तोंडं उघडी. सून भिंग लावून वाकली.

"आतलं दार शाबूत आहे," ती म्हणाली.

मी पट्टी पुढच्या कडेत सारली.

खालच्या ओळी गुडघ्यांवर बसून, मग एका कुशीवर आडवं होऊन. माझं वय कुशीवर आडवं होऊन काम करायचं नाही. संध्याकाळी सुनेने मला काखेत धरून उठवलं. मी म्हटलं, "सोड, मला येतं." तिने सोडलं नाही, आणि मीही पुन्हा म्हटलं नाही.

मुलगा त्याच दिवशी लांबच्या मातीहून परत आला. ती माती खारी निघाली होती. सगळं ऐकून तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला. ओरडला नाही. "आई, चार महिने मी या भिंतीकडे बघून दिवस काढले," एवढंच म्हणाला. त्यानंतर दोन दिवस तो घमेली उचलत राहिला, पण माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. मी जन्मात पुष्कळांची बोलणी ऐकली आणि दुपटीने परत केली. हे परत करता आलं नाही.

वरच्या चार ओळींत मात्र काही चाललं नाही. गारा भोकांत घट्ट बसला होता. मी दाभण घेऊन प्रयत्न केला तर आतून ओलसर पिवळा पराग आला, त्यात काही पांढरं. सुनेने माझा हात धरला. "राहू द्या, आई."

तिसऱ्या दिवशी तपासनीस आला. तरुण होता, बारीक बॅटरी घेऊन एकेक भोक बघत गेला. उतारावर सगळे उभे. मालक, मुकादम, मुलगा, कारखान्यातली सात-आठ माणसं. त्यांच्या तोंडांकडे मी बघत नव्हते. मोजून झालं.

"वहीत एकशे एकाहत्तर आहेत," तपासनीस म्हणाला. "मला एकशे बारा सापडली. वरच्या ओळी बुजलेल्या दिसतात. हे कशाने झालं? पावसाने?"

मुकादम चटकन म्हणाला, "पावसानेच. यंदा तिरका पाऊस..."

"पाऊस नव्हे," मी म्हटलं. "मी बुजवली. काडीने. मला वाटलं भिंत खराब झाली."

तपासनीसाने माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे. मालक खोकले, रुमाल तोंडाला लावला आणि म्हणाले, "वहीत एकशे एकाहत्तर, भिंतीत एकशे बारा. भिंतीतलं लिहा."

"मग परवानगी मिळणार नाही, साहेब. पुढच्या हंगामापर्यंत दरड तशीच राहील."

"माहीत आहे. लिहा."

माणसं पांगली. एकाने जाता जाता पायाने फुलांच्या वाफ्याची कड उडवली. सुनेने ती माती हाताने परत सारखी केली.

ते वर्ष लांबलं. दुसरी भट्टीही विझली. मालकांनी कोणाला काढलं नाही, पण काम सगळ्यांचं निम्मं झालं. मुलगा आठवड्यातले तीन दिवस पहाटे मालट्रकने दोन टेकड्यांपलीकडून माती आणायला जायचा. ती माती दोनदा चाळावी लागायची. घरी आला की पापण्यांवरसुद्धा धूळ. दुकानात गेले की बायका बाजूला व्हायच्या. "या गिलावेवाल्या बाई, आमच्याही दोन भोकांना काही लावून जा," असं एक बाई म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. मी मीठ घेतलं आणि निघाले. तिचं बोलणं बरोबर नव्हतं, पण तिच्या नवऱ्याचंही काम निम्मं झालं होतं.

मालकांनी आणखी एक गोष्ट केली. जेवढी घरं बुजली तेवढ्यांची भरपाई म्हणून पहिलीच्या शेजारी दुसरी भिंत घालायला सांगितली. कागदात हे नव्हतं. चष्मेवालीने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "हे मला का सांगता? देखरेखवालीला सांगा." या वेळी त्यात टोमणा नव्हता.

सुनेने सांगितलं, मी बांधलं. वाळू किती, तर ती म्हणेल तेवढी. जन्मात पहिल्यांदा मी थापी न फिरवता भिंत सोडली. हात आपोआप पुढे जायचा सारखी करायला, आणि मी तो पदराला पुसून मागे घ्यायचे. संध्याकाळी सून आपणहून माझ्याजवळ येऊन बसायची आणि माश्यांचं सांगायची. मी घमेली घासत नव्हते आता. प्रश्न विचारायचे.

"आणि सासू?"

"कसली सासू?"

"या माश्यांच्यात. सासू नाही?"

"नाही."

"म्हणून सुखात आहेत," मी म्हटलं, आणि ती इतकी हसली की वही खाली पडली.

फुलं आली. एका सकाळी ऊन भिंतीच्या निम्म्यावर चढलं आणि पाचव्या ओळीतल्या एका भोकातून तोंड दिसलं. करड्या लवेचं. बाहेर येऊन ती माशी कडेवर बसली, पाय झाडले, पंख उघडून पाहिले आणि गेली. मी सुनेला हाक मारायची विसरले. मग दुसरी, तिसरी. आठवडाभरात भिंतीसमोर उभं राहिलं की गुणगुण छातीत जाणवायची.

काही दिवसांनी मी एकीला घर बंद करताना पाहिलं. ओला गोळा तोंडाने आणला, दारावर ठेवला आणि शेपटीचं टोक फिरवून दाबत गेली, कडेपासून आत, गोल गोल, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला अर्धी झाकणारी. मी गुडघ्यांवर बसून नाक भिंतीशी नेलं. गिलावा असाच करायचा असतो. मला हे सासऱ्यांनी दोन वर्षं घेऊन शिकवलं होतं, आणि हिला कोणी काही शिकवलं नव्हतं. हिची आई हिच्या जन्माआधी मेली. मी तिथेच बसून राहिले, ती काम संपवून उडून जाईपर्यंत.

तपासनीस या वेळी हंगाम चालू असतानाच आला. उडत्या माश्याही मोजायच्या होत्या. पुन्हा सगळे उतारावर जमले, पुन्हा मालक, पुन्हा मुलगा, पाठीमागे कारखान्याची माणसं, या वेळी त्यांच्या बायकाही. तपासनीसाने दोन्ही भिंती पाहिल्या. कागद गुडघ्यावर ठेवून बराच वेळ लिहीत होता. मुलाचा जबडा आवळलेला मला दिसत होता.

"दोनशे सहा," तो म्हणाला. "आणि हंगाम अजून बाकी आहे. जुन्या दरडीचे दोन हिस्से सुटले, साहेब. तिसऱ्याला हात नाही."

"नाही लावणार," मालक म्हणाले.

मागे कोणीतरी टाळी वाजवली. मुकादम गेल्या वर्षीचं विसरून "मी म्हटलंच होतं" म्हणत फिरायला लागला. मुलाने माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि मान हलवली.

तपासनीसाने कागद पुढे केला. "इथे भिंतीच्या प्रमुखाची सही लागते." घरातली मोठी म्हणून त्याने पेन माझ्यासमोर धरलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तिला द्या," मी म्हटलं. "प्रमुख ती. मी तिच्या हाताखाली आहे."

हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं, दुकानातल्या त्या बाईलाही ऐकू जाईल असं.

पेन घ्यायला सून पुढे आली नाही. ती पहिल्या भिंतीसमोर वाकून अजून मोजत होती, तिचे ओठ हलत होते. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, डोळ्यांत पाणी येईल.

"आई," मान न वळवता ती म्हणाली, "जरा डावीकडे व्हा. तुमची सावली पडते भिंतीवर, बाहेर येत नाहीत त्या."

मी झाले डावीकडे.